देवाच्या पानावरचा पाहुणा

मावळातून परतलेल्या माणसाला पुण्यात दोनच प्रश्न विचारले जातात. हवा कशी होती, आणि गुडदाणी आणली का? हवा उत्तम होती. गुडदाणी, म्हणजे गूळ-दाण्याची चिक्की, घेतली होती, पण ती तळेगाव यायच्या आत संपली आणि तिच्यासोबत माझ्या एका दाढेचा कोपराही संपला. हे दोन प्रश्न मिटले की लोक निघून जातात. खरी हकीकत ऐकायला कोणी थांबत नाही, म्हणून ती लिहून काढतो आहे. लिहिलेल्यापुढून उठून जाणं त्या मानाने थोडं अवघड असतं.

मी गेलो होतो भाषण करायला. लोणावळ्यात आमच्या ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी आहे. रेल्वेच्या कारखान्यातले दोन-चार फिटर, सिग्नलवाले, खंडाळ्याच्या बंगल्यांतले बटलर आणि आया, अशी सगळी कष्टाची माणसं. पीक घरात आलं की देवाचे आभार मानण्यासाठी आम्ही ख्रिस्ती लोक एक उपासना करतो. पुण्यात आमच्या देवळात ती थाटात होते. भोपळे, पेरू, उसाची मोळी वेदीपुढे रचतात आणि उपासना संपली की सगळ्याचा लिलाव होतो. दरवर्षी मी माझ्याच बायकोने दिलेला केक चढ्या भावाने विकत घेतो, कारण दुसऱ्या कोणी बोली लावली नाही तर घरी माझी धडगत नसते. आभार मानण्याची ही आमची शहरी रीत. लोणावळ्याच्या पाळकसाहेबांनी मात्र यंदा ठरवलं होतं, की उपासना गावात नको, डोंगरावरच्या वाडीत, मंडळीतल्या सखाराम नावाच्या माणसाच्या खळ्यावर करायची. आणि तिथे ‘विश्वास’ या विषयावर चार शब्द बोलायला पुण्याहून मास्तरांना बोलवायचं. मास्तर म्हणजे मी. शाळेत मी भूगोल आणि कवायत शिकवतो. या दोन्ही विषयांतली माझी गती पुढे दिसेलच.

विश्वासाबद्दल बोलायला मला कधीच अडचण पडलेली नाही, कारण तो मला फुकट मिळाला आहे. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या भावांनी त्यांना घराबाहेर काढलं आणि ते एका घोंगडीनिशी नगरहून पुण्याला चालत आले. वडिलांनी तो विश्वास नीट घडी घालून ठेवला. माझ्यापर्यंत तो आजोबांच्या कोटासारखा आला. कापड अस्सल, फक्त बाह्या लांब. जेवणाआधीची आभाराची प्रार्थना तर मी अशा वेगाने म्हणतो की आमच्या सौ. सत्यवतीबाई म्हणतात, “तुमचं ‘आमेन’ होतं तेव्हा माझा डाव अजून पातेल्यातच असतो.”

खंडाळा (लोणावळा वाटेत राहून गेलं)

घाटात आता विजेची गाडी चालते. धूर नाही, डोळ्यांत कोळसा नाही, धक्के नाहीत. त्यामुळे माझ्यासारख्या माणसाला गाढ झोप लागते. जाग आली तेव्हा गाडी एका सुबक स्टेशनात उभी होती आणि डोंगर एकदम जवळ येऊन बसले होते. मी उतरलो, आणि हमालाला लोणावळ्याच्या पाळकसाहेबांचं घर विचारलं.

“लोणावळ्याचे पाळकसायेब लोणावळ्यात ऱ्हातात,” तो शांतपणे म्हणाला. “ह्ये खंडाळा हाय.”

मी भूगोलाचा मास्तर आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

परत चालत गेलो. पण वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. पाऊस जाऊन महिना झाला होता. दरीच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली कोकणाकडे धुकं कापसाच्या गंजीसारखं पसरलेलं दिसे. बंगल्यांच्या फाटकांतून माळी निवांत बघत होते. एका फाटकाशी आयांचा घोळका बसला होता. त्यातल्या एकीने माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक ओळखलं आणि म्हणाली, “मास्तर ना तुमी? पाळकसायेब लोणावळ्याला वाट बगत असत्याल. बसा, चा घ्या.” साहेबांच्या कपबशीत, साहेब मुंबईला गेलेले असताना घेतलेला तो चहा या प्रवासातलं पहिलं उपकाराचं देणं.

लोणावळा

पाळकसाहेबांच्या ओट्यावर सखारामची ओळख झाली. घाटातल्या लोहमार्गावर तो गँगमन आहे. उंच, सडसडीत, बोलायला कमी. जातीने डोंगरकोळी. गँगचा मुकादम ख्रिस्ती होता. घाटात दरड कोसळली तेव्हा या मुकादमाने स्वतः आधी बोगद्यात शिरून माणसं बाहेर काढली. तेव्हापासून सखाराम त्याच्या मागे लागला, की तू आत जाताना कुणाचं नाव घेत होतास ते मला सांग. असा त्याच्या विश्वासाचा उगम. पुढे काही वर्षांनी त्याने आणि त्याच्या बायकोने, यमुनेने, बाप्तिस्मा घेतला.

आणि घर दुभंगलं. सखारामची आई चिमाआजी हिने घराच्या मधोमध कुडाची भिंत घालून घेतली. एक छप्पर, दोन दारं, दोन चुली. लेकाच्या चुलीवरचं ती खात नाही. लेकाशी बोलते, पण गुराढोरांपुरतं.

“मास्तर,” सखाराम म्हणाला, “एक इनंती हाय. आयला उपदेश करू नका.”

“छे छे!”

“सगळे तसंच म्हनत्यात. आन मग करत्यात. लय झालाय तिला उपदेश.”

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. त्या उपदेशातला मोठा वाटा त्यांचाच असावा.

मग सखारामने जे सांगितलं ते मला नवीन होतं. त्या डोंगरात नवं भात निघालं की ते कोणी लगेच शिजवून खात नाही. घरातलं थोरलं माणूस आधी ते देवापुढे ठेवतं, मग पहिला घास खातं, आणि मग बाकीच्यांनी खायचं. त्याला ‘नवं’ म्हणतात. लेकाचा बाप्तिस्मा झाल्यापासून चिमाआजी आपलं नवं आपल्या चुलीवर, आपल्या देवापुढे करते. पलीकडे सखारामच्या घरात थोरलं कोणी नाही. थोरली भिंतीपलीकडे.

“मग तू काय करतोस?” मी विचारलं.

“न्हाई खात.”

“म्हणजे?”

“नवं भात कनगीत टाकतो. जुनं व्हईस्तवर तसंच. मग खातो. आयनं पयला घास घेतल्याबिगर कसं खायचं?”

“अरे, पण आता तू ख्रिस्ती झालास. तुला तो नियम कुठे लागू आहे?”

“देव बदलला, मास्तर. आय तीच हाय की.”

तेव्हा मला कळलं, की उद्याची उपासना खळ्यावर का ठेवली आहे. खळं दोन्ही दारांसमोर आहे. तिथे सगळे जेवायला बसणार. आई येऊन बसली, तिने लेकाच्या नव्या भाताचा एक घास घेतला, तर सखाराम कित्येक वर्षांनी नवं भात खाणार. एवढीच त्याची आशा होती. ती त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती, आणि मलाही पुरती बोलून दाखवली नाही. पण त्याच्या हातातली विडी विझून गेली होती तरी तो ती ओढत होता, त्यावरून मी ओळखलं.

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला, “तुझ्या आईपुढे मी तोंडातून उपदेशाचा शब्द काढणार नाही.”

हा शब्द मी पाळला. तोंड दुसऱ्या कामात होतं.

भुशीकडून वर

दुसऱ्या दिवशी सखारामची ड्युटी दुपारपर्यंत होती. पाळकसाहेब आणि बाकी लोक त्याच्याबरोबर येणार होते. पण मला एकांतात, निसर्गाच्या सान्निध्यात भाषणाची उजळणी करायची होती. म्हणून मी पुढे निघालो. सखारामने खुणा सांगितल्या: भुशीच्या धरणापर्यंत सरळ जायचं, मग पाऊलवाट धरून वर, वाडी लागली की पहिलंच घर, डावीकडचं दार.

भुशीचं पाणी त्या दिवशी आरशासारखं होतं. कडेला बगळे. वर चढताना दोन्ही अंगांना कापणी झालेली खाचरं, मधे पेंढ्यांचे भारे, आणि हवेत ओल्या भाताणाचा तो गोडसर वास. तो पुण्यात कोणत्याही भावात मिळत नाही. मी मोठ्याने भाषण म्हणत चाललो होतो. “विश्वास म्हणजे न दिसणारी वाट पायांना दिसणे,” या वाक्यापाशी आलो आणि पाहतो तो वाट खरोखरच दिसेनाशी झाली होती. पायांनाही.

कारवीत शिरलो, कोट फाडून घेतला, एका म्हशीने पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी तीच मला वाडीकडे घेऊन गेली. म्हणजे मी वाडीत शिरलो तो समोरून नव्हे, मागच्या अंगाने. घराच्या मागे उभा राहूनच डावी बाजू मनाशी पक्की धरली, वळसा घालून पुढे आलो, सांगितलेल्या खुणा पटल्या, आणि त्याच बाजूचं दार ढकललं. उलट बाजूने आलेल्या माणसाचा डावा हात वेगळीकडे पडतो, ही गोष्ट कवायतीच्या मास्तराच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. पण आली नाही.

आत कोणी नव्हतं. बाहेर उन्हातून आलेला मी, चष्म्यावर घामाचं धुकं. जमीन नुकती सारवलेली. मधोमध पाट, पाटापुढे पळसाचं पान, पानावर पांढराशुभ्र वाफाळता भात, त्यावर तूप, कडेला गुळाचा खडा, बाजूला पाण्याचा तांब्या. समोरच्या कोनाड्यात समई जळत होती आणि तिच्या मागे पितळेचे चकचकीत बिल्ले ओळीने मांडलेले होते. रेल्वेत बिल्ले देतात हे मला माहीत होतं. पण एका गँगमनला इतके? मला सखारामबद्दल फार अभिमान वाटला. आणि यमुनाबाईबद्दल त्याहून. पाहुणा दमून येणार हे ओळखून त्या माउलीने गरम पान वाढून ठेवलं, आणि पाहुण्याला संकोच नको म्हणून दार ओढून घेऊन बाहेरही गेली! याला म्हणतात ख्रिस्ती आतिथ्य.

पाटावर बसलो. डोळे मिटले, आमच्या घराण्याच्या वेगाने आभार मानले, आणि जेवलो.

तो भात मी आयुष्यात विसरणार नाही. चांगला होता म्हणून नाही, चांगला तर होताच. नव्या आंबेमोहोराचा, मऊ, आंब्याच्या फुलोऱ्याचा वास असलेला. शेवटचं शीत बोटाने निपटून मी गुळाचा खडा तोंडात टाकला, आणि दारात उजेड झाला.

एक वाकलेली म्हातारी उभी होती. हातात झेंडूची फुलं. तिने पानाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. कोनाड्याकडे पाहिलं.

“आरं द्येवा,” ती म्हणाली. मला नव्हे, कोनाड्याला.

मग मला. “कोन रं तू?”

“मी... मास्तर. सखारामकडे... ” गुळाचा खडा गालात होता.

“माज्या देवाचं नवं खाल्लंस तू!”

देव जेवत असताना माणसाने बघत बसू नये, अशी तिथली रीत. म्हणून नैवेद्य ठेवून, दार ओढून, म्हातारी शिवेवरच्या वाघोबाला पान ठेवायला आणि फुलं आणायला गेली होती. सकाळपासून तोंडात पाणी घेतलेलं नव्हतं. देवाचं झाल्यावर ती जेवणार होती. आणि परत येऊन पाहते तो देवाच्या पाटावर देवाकडे तोंड करून, कोट घातलेला, चष्मेवाला पुरुष ढेकर देतो आहे.

चिमाआजीचं अंगण

तिचा आवाज बारीक होता पण डोंगरात तो छान घुमत असे. वाडी गोळा झाली. पलीकडच्या दारातून यमुना धावत आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. अंगणात मी उभा, तोंडाला तूप लागलेलं. आणि नेमक्या त्या वेळेला पायवाटेवरून सखाराम वर आला. गीतं म्हणत येणारे पाळकसाहेब आणि मंडळी अजून खाली वळणावर होती.

आईने लेकाला सगळं सांगितलं नाही. एकच वाक्य बोलली.

“तूच धाडलास व्हय रं ह्याला? माजा देव बाटवाया?”

सखारामचा चेहरा मी पाहिला. त्या क्षणापर्यंत मला आपली चूक विनोदी वाटत होती. माझ्या सगळ्याच चुका मला थोड्या वेळाने विनोदी वाटतात, म्हणून तर मी धडधाकट आहे. पण त्या माणसाने आईच्या एका घासासाठी इतकी वर्षं जुना भात खाल्ला होता, आणि आता आई समजत होती की त्याने कट करून तिच्या देवाच्या तोंडचा घास काढला.

“आये, न्हाई गं,” एवढंच तो म्हणाला.

“आजी,” मी पुढे झालो, “त्याचा काही दोष नाही. मी चुकून शिरलो.”

“चुकून? म्होरं देव बसल्यात, दिवा लागलाय, आन चुकून?”

“मला दिसले नाहीत.”

“डोळ्यावं काचा कशापायी लावल्यात मग?” मागून कोणी बाई म्हणाली. लोक हसले. म्हातारी हसली नाही. तिने मला दंडाला धरून दारात नेलं आणि कोनाड्याकडे बोट केलं.

“खरं सांग. ते काय हाय?”

आता खरं सांगण्यात माझी अब्रू जाणार होती. पण सखारामच्या चेहऱ्याकडे पाहून मी ती जाऊ दिली.

“मला वाटलं... रेल्वेचे बिल्ले आहेत. सखारामला चांगल्या कामाबद्दल मिळालेले.”

मग एक म्हातारा असा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. बायकांनी पदर तोंडात घातले. “खंडोबाचा टाक! रेल्वेचा बिल्ला!” “म्हाळसाबाई ग्यांगमन झाली गं!” चिमाआजी माझ्याकडे निरखून बघत राहिली, बाजारात बैलाचे दात बघावेत तशी.

“येडा हाय,” तिने शेवटी निकाल दिला. “लबाड न्हाई.” आणि सखारामकडे न बघता पण त्याच्यासाठीच म्हणाली, “असल्याला कोन धाडंल?”

सखारामने श्वास सोडलेला मला ऐकू आला. उभ्या आयुष्यात माझ्या मूर्खपणाचे मी इतके आभार कधी मानले नव्हते.

पण म्हातारीचं संपलं नव्हतं. “पोरांनी फटीतून बगितलं म्हनं. खायच्या आदी डोळं मिटून काय पुटपुटलास?”

“देवाचे आभार मानले.”

“कुनाचं? ज्येच्या म्होरलं खाल्लंस त्येचं, का दुसऱ्याचंच?”

माझ्या भाषणात या प्रश्नाची तरतूद नव्हती. पाळकसाहेब आता अंगणात पोचले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते आंब्याच्या झाडाकडे पाहू लागले. तिथे आंब्याला त्या दिवसांत बघण्यासारखं काही नसतं.

“आजी, मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. “मी पटकन म्हणतो. कोणाचे ते नीट बघत नाही.”

“मग बगत जा,” ती म्हणाली.

उखळाभोवती

आता देवाचं नवं पुन्हा करणं भाग होतं, आणि दिवस मावळायच्या आत. तोवर म्हातारी पाणीही घेणार नव्हती. पण तिने कांडलेला तांदूळ संपला होता. हातांत जोर नसल्याने तेवढाच कांडायला तिला आदला सारा दिवस लागला होता. टोपलीत थोडं भात होतं, अजून टरफलासकट.

“ज्यानं खाल्लं त्यानं कांडावं,” तिने फर्मावलं.

मी कोट काढला. मुसळ उचललं. वाचकहो, तुम्ही कधी भात कांडलं नसेल तर सांगतो: दिसायला ते कवायतीसारखं दिसतं. वर, खाली, वर, खाली. माझं पहिलं मुसळ उखळाच्या काठावर बसलं. दुसऱ्याने निम्मं भात कोंबड्यांना वाटलं. तिसऱ्यानंतर मला लय सापडली, पण ती अशी की सुपात घेतल्यावर तांदूळ दिसेना, नुसती कणी.

“देवाला कन्या घालनार काय?” म्हातारी सूप आपटून म्हणाली. “हा असा का धोपटतोय? सापाला मारतोय व्हय?”

लोक मजेत बघत होते. लोणावळ्याच्या मंडळीतल्या एका फिटरने मुसळ मागितलं, पण म्हातारीने हात आडवा केला. शिक्षा ती शिक्षा. थोड्याच वेळात टोपलीतलं भात संपलं आणि तांदूळ ओंजळभरही झाला नाही. माझ्या तळहातांना फोड आले. म्हातारी उपाशी, ऊन कललेलं, आणि सखाराम खळ्याच्या कडेला मूठ आवळून उभा. आता काय, हे कोणालाच सुचेना.

इतका वेळ यमुना आपल्या दारात उभी होती. ती आत गेली, सूपभर भात घेऊन आली. सखारामच्या राशीतलं. कोणाला काही न विचारता तिने ते उखळात माझ्या कण्यांवर ओतलं.

“मास्तर, सरा,” ती म्हणाली. “तुमचं काम न्हाई ते.”

आणि कांडायला लागली. सगळी वाडी म्हातारीकडे पाहू लागली. ख्रिस्ती झालेल्या सुनेचं भात, देवाच्या नव्याला. भिंत घातल्यापासून असं झालं नव्हतं. आता ती ओरडेल, सूप फेकेल, असं मला वाटलं.

म्हातारी सुनेच्या मुसळाकडे बघत होती. एका उखळात कांडणं हे तिथे दोघींचं काम. एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली. एकटीने कांडलं की मधे एक जागा रिकामी राहते, आणि ती रिकामी जागा कानाला कळते. मलासुद्धा कळली. धप्प. मग काही नाही. धप्प. मग काही नाही.

म्हातारीने कुडाला टेकवलेलं दुसरं मुसळ उचललं.

“सावकाश,” ती सुनेला म्हणाली. “मला दम न्हाई आता.”

“व्हय, आत्याबाई.”

धप्प-धप्प. धप्प-धप्प. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. बघायची गरज नव्हती, हात जुने होते. तांदूळ पांढरा व्हायला लागला.

पाखडताना एका शेजारणीने विचारलंच, “मावशे, कुनाचं भात कुनात गेलं गं ह्ये?”

“एकाच खाचराचं हाय,” चिमाआजी सुपावरून नजर न उचलता म्हणाली. “माज्या मालकानं बांध घातल्याला. निवडत बसू का आता?”

खळ्यावर

भात म्हातारीच्या चुलीवर शिजला. मोठ्या हंड्यात, कारण यमुनेने दोनदा सूप भरून आणलं होतं. आजीने आपल्या देवापुढे पान ठेवलं, दार ओढलं, आणि या वेळी दारासमोर स्वतः पहाऱ्याला बसली. माझ्यावर नजर ठेवून.

तोवर खळ्यावर आमची उपासना झाली. गीत झालं. पाळकसाहेबांनी मला उभं केलं. केसांत कोंडा, हातांना फोड. मी विश्वासावर बोलायला तोंड उघडलं आणि ती न दिसणाऱ्या वाटेची सगळी वाक्यं पळून गेलेली. समोर सखाराम बसला होता. मला सुचलं ते असं, की मला विश्वास वारशात मिळाला, म्हणून मी समजत होतो की तो संपूर्ण मिळाला. पण तो बियाणासारखा मिळतो. पेरायचा प्रत्येकाने आपल्या खाचरात असतो, आणि माझं खाचर मी कधी नांगरलेलंच नाही. इथे एक माणूस आहे. त्याने प्रभूचा हात धरला आणि आईचा सोडला नाही, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्याला इतकी वर्षं नवा भात खाता आला नाही. मी दोन्ही हात मोकळे असलेला माणूस. म्हणून मला कुठलंही पान दिसलं की बसता येतं. एवढं बोललो आणि बसलो.

पंगत बसली. लोणावळ्याहून आणलेल्या भाज्या होत्या, वाडीतल्या बायकांनी उडदाचं घट्ट वरण केलं होतं, मिरच्यांचा ठेचा होता. वाडीतली माणसं काही बसली, काही दुरून बघत उभी राहिली. सखारामच्या पानावर जुना भात होता. त्याने तो स्वतः वाढून घेतला होता.

तेव्हा आपलं दार उघडून चिमाआजी आली. दोन्ही हातांत फडक्याने धरलेला हंडा. यमुना उठली तर तिला मानेनेच ‘बस’ म्हणाली. खळ्याच्या मधोमध, जिथे मळणीची मेढ रोवतात त्या खुंटाशी ती टेकून बसली. हंड्यातला थोडा भात हातावर घेतला. वर पाहिलं, कोणाकडे ते मला ठाऊक नाही आणि आता मी विचारणारही नाही. घास तोंडात घातला. सावकाश चावला. सकाळपासूनचा तिचा तो पहिला घास.

मग उठून लेकापुढे आली. त्याच्या पानावरचा जुना भात हाताने एका कडेला सारला आणि मधे नवा वाढला.

“खा आता,” ती म्हणाली. “किती दिस जुनं खाशील?”

सखारामने घास उचलला आणि तो त्याला पुष्कळ वेळ तोंडाकडे नेता आला नाही. यमुनेने पदराने डोळे पुसले. पाळकसाहेब पुन्हा आंब्याच्या झाडाकडे पाहू लागले, आणि या वेळी मीही पाहिलं. खरंच बघण्यासारखं झाड होतं ते.

चिमाआजी ख्रिस्ती झाली नाही. कुडाची भिंत अजून आहे. तसं काही मी सांगणार असं ज्यांना वाटलं असेल त्यांची निराशा करतो. म्हातारी आपल्या देवाची, लेक आपल्या प्रभूचा. पण निघताना मी पाहिलं, की मोठा हंडा कोणत्या चुलीवर परत न्यायचा यावर सासू-सुनेची चांगली कडाक्याची बाचाबाची चालली होती. भांडणाइतकी जवळीक त्या घरात किती दिवसांनी आली होती कोण जाणे.

मला निरोप देताना तिने फडक्यात बांधलेला नवा तांदूळ दिला. “येड्या, घरी ने. पर पयला घास थोरल्याचा. आदी हात घालू नगंस.”

पुणे

सत्यवतीबाईंनी तो तांदूळ रविवारी शिजवला. घरभर वास सुटला. मी सगळी हकीकत सांगितली होती, त्यामुळे पोरं माझ्यावर पाळत ठेवून होती. पानं वाढली, वाफ निघाली, आणि सवयीने माझा हात पानाकडे गेला. सत्यवतीबाईंनी डाव आडवा धरला.

“पहिला घास थोरल्याचा,” त्या म्हणाल्या.

“बरोबर,” मी म्हणालो, आणि मागे वळून दाराकडे पाहिलं. थोरलं कोणी येईल म्हणून. आजोबा कधीच गेले. वडील गेले त्यालाही वर्षं झाली. दारात कोणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

थोरला मीच होतो. केव्हा झालो ते कळलंच नव्हतं.

मी घास हातात घेतला आणि डोळे मिटले. प्रार्थनेचा पहिला शब्द आला आणि तिथेच अडला, कारण मला प्रथमच बघायचं होतं की आपण बोलतो आहोत कोणाशी. घोंगडी पांघरून चालत आलेले आजोबा दिसले. बोगद्यात शिरणारा मुकादम, जुना भात खाणारा सखाराम. साहेबांच्या कपातला चहा. उपाशी राहून पहाऱ्याला बसलेली एक म्हातारी. आणि या सगळ्यांच्या मागे ज्याने हे सगळं मला वाढून ठेवलं होतं तो. त्याच्या पानावर मी जन्मभर न बघता जेवत आलो होतो.

“बाबा,” धाकटी हळूच म्हणाली, “आमेन म्हणा ना. भात निवला.”

सत्यवतीबाईंनी तिला गप्प केलं. डाव त्यांनी कधीच खाली ठेवला होता.